मेलेला म्हणून विकलेला उंदीर

मंगळवारी सकाळी पावणेसहाला सुनयना वैरागडेने चौथ्या पेटीवरचं कापड काढलं. आत साप मेलेला होता आणि उंदीर जिवंत होता.

आदल्या संध्याकाळी नेमकं उलटं होतं. तिने चिमट्याने मेलेला उंदीर पेटीत धरला होता. सापाने जीभ लपलपवली आणि तोंड फिरवलं. नेहमीचंच. आफ्रिकेतले हे छोटे अजगर भारी लाजरे. कुणी बघत असलं तर जेवत नाहीत. म्हणून सुनयनाने उंदीर थाळीत ठेवला, दिवा मालवला, पेटीवर कापड टाकलं आणि दार ओढून घेतलं. सोळा वर्षं ती हेच करत आली होती.

आता बुंदी नावाचा तो साप पेटीच्या कोपऱ्यात पडला होता. पाठीवरची कातडी तळहाताएवढ्या भागात कुरतडलेली, मणके उघडे. पाण्याच्या भांड्यामागे बसून उंदीर मिशा पुसत होता. अंधारात भुकेला उंदीर सापाला खातो, साप नुसता पडून राहतो, हे साप पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणूनच तर मेलेला उंदीर द्यायचा. शिवाय तीन वर्षांपासून तसा कायदाच होता: पाळीव प्राण्याला जिवंत भक्ष्य देणं गुन्हा. पकडले गेलात की जिल्ह्याची प्राणी समिती परवाना रद्द करणार आणि घरातले सगळे साप जप्त.

सुनयनाने बादली पालथी घालून उंदीर पकडला. मग बुंदीच्या मालकाला, पराग देशकरला, फोन लावला. तो कूर्गला होता.

"मी पाहिलंय," पराग म्हणाला. "पेटीत माझा कॅमेरा आहे, विसरलात का मॅडम?"

"मग तुम्ही हेही पाहिलं असेल, की मी ठेवला तेव्हा तो मेलेला होता."

"निपचित होता. निपचित आणि मेलेला यात फरक असतो. भूल दिलेली होती त्याला. साप ताजं खातो, तुमचं काम पटकन उरकतं. सगळे करतात म्हणे, पण तुम्ही करत असाल असं वाटलं नव्हतं."

"पराग, मी फ्रीझरमधून काढलेला उंदीर होता तो."

"फ्रीझरमधून काढलेला उंदीर उठून बसला. बरं. हे समितीला सांगा. मी तक्रार टाकली आहे."

नागपूरच्या मानेवाड्यात, स्वतःच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत, सुनयना 'विसावा' चालवायची. माणसं गावाला गेली की पाळलेले साप तिच्याकडे ठेवून जात. नवरा वारल्यावर तिने माहेरचं आडनाव परत लावलं आणि हे सुरू केलं, तेव्हा गल्लीतल्या बायका तिच्याकडे हळदीकुंकवालाच काय, साखर मागायलाही येईनाशा झाल्या. तिला त्याचं काही वाटलं नाही. खोल्यांमधली सगळ्यात जुनी रहिवासी तिची स्वतःची होती: मावशी, एकोणीस वर्षांची अजगरीण. यंदाच्या हिवाळ्यात मावशीने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. कणा हाताला लागू लागला होता. महिनाभरात खाल्लं नाही तर कठीण आहे, असं डॉक्टर सांगून गेले होते.

दुपारी समितीचा माणूस आला, बादलीतला उंदीर आणि पिशवीतला साप घेऊन गेला. दोन दिवसांनी अहवाल आला. उंदराच्या रक्तात गुंगीच्या औषधाचा अंश सापडला होता.

सुनयनाने अहवाल दोनदा वाचला. तिने औषध दिलं नव्हतं. मग ते आलं कुठून? उंदीर तिच्याकडे बंद पाकिटातून येत होते आणि ती पाकिटं तिच्या धाकट्या भावाच्या कारखान्यातून येत होती.

त्याच दिवशी सकाळी तिने आणखी तीन उंदीर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवले होते, तिच्या पद्धतीने. ही पद्धत आता फार कुणी पाळत नसे. बहुतेक लोक गोठलेला उंदीर सरळ गरम पाण्यात टाकतात. वीस मिनिटांत काम होतं. सुनयना आधी सगळा दिवस फ्रीजमध्ये ठेवायची, मग कोमट पाण्यात, मग पुसून कोरडा करून थाळीत. घाईने वितळवलेल्या उंदराचं पोट फुटतं आणि फुटक्या पोटाला साप तोंड लावत नाही, हे तिनेच एकेकाळी भावाला शिकवलं होतं.

संध्याकाळी तिने ते तिन्ही उंदीर कोमट पाण्यातून काढून टॉवेलवर ओळीने मांडले. नाकं गुलाबी होती. गेले दोन महिने तिला ही गुलाबी नाकं दिसत होती आणि 'माल सुधारला' म्हणून ती खूश झाली होती.

दोन उंदीर तसेच पडून राहिले. तिसऱ्याच्या बरगड्या हलल्या. थांबल्या. पुन्हा हलल्या.

सुनयनाच्या मनात पहिला विचार सुटकेचा आला नाही. गेल्या दोन महिन्यांत तिच्या सापांनी चिमट्यातून ओढून घेऊन लगेच गिळलेले उंदीर तिला आठवले. त्यांतले किती जिवंत होते, कोण जाणे.

तिसरा उंदीर पाचच मिनिटं जगला.

*

तिच्या भावाचा, धनराज वैरागडेचा, कारखाना बुटीबोरीला होता. 'हिमान्न'. सापांसाठी गोठवलेले उंदीर बनवण्याचा परवाना विदर्भात फक्त त्याच्याकडे होता. केबिनमध्ये एसी इतका होता की सुनयनाने पदर अंगाभोवती घेतला.

"वाटच पाहून राहिलो होतो तुझी," धनराज म्हणाला. "चहा?"

"तुझे उंदीर उठून राहिले, धनू."

त्याने दार लावून घेतलं. "हळू बोल. किती उठले?"

म्हणजे याला माहीत होतं. सुनयनाची भावावरची उरलीसुरली माया त्या एका प्रश्नावर खर्च झाली.

धनराजने जे सांगितलं ते असं. गोठताना मांसातल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी फाडतात. पण खरं नुकसान वितळताना होतं. बारीक स्फटिक एकमेकांना चिकटून मोठे होतात, काचेच्या सुऱ्यांसारखे. ध्रुवाजवळच्या समुद्रातल्या माशांच्या रक्तात एक प्रथिन असतं, ते स्फटिकाच्या कडांना बिलगून त्याला वाढू देत नाही. हे प्रथिन धनराज यीस्टमध्ये बनवून घेत होता. त्याला उंदीर जिवंत करायचे नव्हते. त्याला फक्त पोट फुटायला नको होतं. प्रथिन आणि एक साखर उंदराच्या शिरेत सोडली, की सगळ्या अंगात पसरायला हवी. ती पसरवणार कोण? उंदराचं हृदय. म्हणजे गोठवायला सुरुवात होताना हृदय चालू हवं. म्हणून आधी वायू सोडून मारण्याची पायरी काढली, गुंगी दिली आणि थंडीतच हृदय थांबू दिलं.

"थांबलं म्हणजे मेलं, असं आम्ही धरलं," तो म्हणाला. "तसं ते मरतातच. गरम पाण्यात टाकलं की कातडी आधी जागी होते, हृदय आत बर्फातच असतं. रक्त नाही, प्राणवायू नाही, खलास. पण कुणी अगदी सावकाश, आतबाहेर सारखं वितळवलं तर..." त्याने तिच्याकडे पाहिलं. "आणि सगळ्या महाराष्ट्रात असं वितळवणारी एकच बाई आहे. माझ्याच नशिबी."

"मग चल. समितीला सांग."

"नाही सांगता येत."

"माझा परवाना जाऊन राहिला. माझ्यावर केस होऊन राहिली."

"चार महिने, ताई. चार महिने गप राहा." धनराज पुढे झुकला. "हे उंदरांचं राहिलंच नाही आता. हैदराबादच्या दवाखान्याचे लोक येऊन गेले. मूत्रपिंड, यकृत. आज इथून मुंबईला एक मूत्रपिंड न्यायचं तर रस्ते अडवून गाडी पळवा, विमान उभं करा. तरी अर्धी फुकट जातात. उद्या फ्रीझरमध्ये ठेव, महिन्याने लाव. पण पेटंटचा अर्ज अजून गेला नाही, मोजमापं पूर्ण नाहीत. त्याआधी चारचौघांसमोर दाखवलं की ते सगळ्यांचं झालं. मग हक्क मिळत नाही. कायदाच तसा आहे."

"आणि माझे साप?"

"जप्त झाले तर सोडवून आणू."

"जप्तीच्या कोठीत मागच्या उन्हाळ्यात किती वाचले, माहीत आहे तुला? मावशी आठवडा काढणार नाही तिथे."

"ती एकोणीस वर्षांची आहे," धनराज म्हणाला. "एका म्हाताऱ्या सापासाठी तू माणसांची मूत्रपिंडं अडवून राहिली, हे तरी कळते का तुला?"

सुनयना उठली. "मूत्रपिंडं तू अडवून राहिला, धनू. मी अडवली असती तर आज समितीत येऊन सांग म्हणाले नसते. अर्ज आज टाक."

"अर्धवट अर्ज टाकून सगळं, हेच शोधून राहिलेल्या त्या जपान्यांच्या घशात घालू?"

"मग मला काऊन घालून राहिला?"

ती गेटपर्यंत पोचेस्तोवर त्याचा मेसेज आला होता: तिच्याकडचा जुना माल सदोष आहे, उद्या गाडी पाठवतो, परत दे, बदल्यात ताजा देतो. दुसऱ्या दिवशी गाडी आली. सुनयनाने फाटकाला कुलूप लावलं आणि आतूनच ड्रायव्हरला सांगितलं, "तुमच्या साहेबांना म्हणा, विकलेली वस्तू परत घ्यायची रीत आमच्या बाजारात नाही."

*

समितीची सुनावणी पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी अकराला होती. अध्यक्ष श्रीमती गेडाम यांनी आयुष्य वनखात्यात काढलं होतं आणि त्यांना कुत्र्यांच्या तक्रारी ऐकायचा कंटाळा आला होता. सापाचं प्रकरण पाहून त्या जरा सरसावून बसल्या. त्यांच्या शेजारी समितीचे पशुवैद्य डॉ. शेंडे. समोर पराग, काळा शर्ट घालून. मागच्या रांगेत धनराज आणि त्याचा वकील. सुनयनाने त्यांना बोलावलं नव्हतं.

"वैरागडे बाई, डब्यात काय आणलंय?" गेडाम यांनी विचारलं.

"सहा उंदीर. काल फ्रीझरमधून काढून फ्रीजमध्ये ठेवले होते. आता नुसते गार आहेत. मला एक घमेलं, कोमट पाणी आणि तासभर वेळ द्या."

"तासाभरात काय होईल?"

"कदाचित काहीच नाही," सुनयना म्हणाली. "दहांतले सातआठ उठत नाहीत. उठलेले टिकत नाहीत. पण मला दुसरा पुरावा नाही."

मागून वकील उठला. ही प्रक्रिया त्यांच्या पक्षकाराच्या व्यापारी गुपितात मोडते, असं तो म्हणाला.

"तुमचा पक्षकार कोण?" गेडाम यांनी विचारलं.

"यांचा भाऊ."

"बरं. भावाला सांगा, बहिणीला घमेलं धरू लागा."

धनराज जागचा हलला नाही. शिपायाने घमेलं आणलं. डॉ. शेंड्यांनी सहाही उंदीर तपासले: श्वास नाही, ठोका नाही, बुबुळ हलत नाही. "मृत," ते म्हणाले, आणि सुनयनाने पिशव्या पाण्यात सोडल्या.

पराग म्हणाला, "मी हे का बघतोय? माझा साप मेलाय. मी जादूचे प्रयोग बघायला नाही आलो."

"तुम्हीच म्हणालात ना, समितीला सांगा," सुनयना त्याच्याकडे न बघता म्हणाली. "सांगून राहिले."

पाणी निवलं की ती थोडं गरम ओतायची, मनगटाने पाहायची. मग उंदीर पुसून टॉवेलवर ठेवले. खोलीत पंख्याचा आवाज. पहिला नाही. दुसरा नाही. गेडाम यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. पाचव्या उंदराच्या मिशा थरथरल्या तेव्हा ते फक्त सुनयनाला दिसलं. मग त्याच्या बरगड्या उचलल्या गेल्या, आणि डॉ. शेंड्यांनी स्टेथोस्कोपचं तोंड त्या इवल्या छातीवर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"काय?" गेडाम म्हणाल्या.

"थांबा, मॅडम."

उंदराने पुढचा पाय ओढून घेतला. मान उचलली. मग तो डोलत डोलत टॉवेलच्या कडेपर्यंत गेला आणि तिथे मुतला.

परागने चष्मा काढला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. धनराज उभा राहिला होता. वकिलाने त्याची बाही धरली, त्याने ती सोडवून घेतली.

"मॅडम, माझी हरकत आहे. मी हिला मेलेले उंदीर विकले. पाकिटावर छापलेलं आहे, मृत खाद्य. हा जिवंत आहे. म्हणजे हा मी विकलेला नाही. हा माझा आहे. आणि हिच्या फ्रीझरमध्ये असे जेवढे असतील तेवढे सगळे माझे."

कुणी हसलं नाही.

"म्हणजे तुम्ही ते जिवंत गोठवले, हे मान्य?" गेडाम यांनी विचारलं.

"मी काहीच मान्य केलं नाही. मी फक्त माझं मागून राहिलो."

"याचं रक्त कुणी तपासू नये म्हणून मागून राहिला," सुनयना म्हणाली.

"तू गप. तू आज काय केलं ते तुला कळायला दहा वर्षं लागतील."

"धनू, तुला मी चार महिने मागितले नव्हते. एक वाक्य मागितलं होतं."

गेडाम यांनी टेबलावर पेन आपटलं. डॉ. शेंड्यांशी त्या बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. डॉक्टर मान हलवत होते. मग डॉक्टरांनी सांगितलं: हालचाल आणि ठोका दिसतो आहे, पण अशा प्रयोगात मज्जातंतूंची उरलेली चाळवाचाळव तासन्‌तास दिसू शकते. हा प्राणी खरोखर जगला असं लेखी द्यायचं तर तो सोमवारपर्यंत जगलेला दाखवावा लागेल. तोवर ते कुठल्याच बाजूने सही करणार नाहीत.

आदेश तोंडी झाला. जप्तीला सोमवारपर्यंत स्थगिती. सुनयनाचा फ्रीझर वीज चालू ठेवून सीलबंद. त्यातलं काही कुणी कसंही वितळवायचं नाही, कारण सावकाश वितळवलं तर काय होतं ते दिसलं आणि घाईने वितळवलं तर तो जीव मारणं ठरतं की काय, हे समितीला आज सांगता येत नव्हतं. 'हिमान्न'ची विक्रीही तोवर बंद. न उठलेले पाच उंदीर तपासणीसाठी डॉ. शेंड्यांकडे; समितीकडे जिवंत उंदीर ठेवायला जागा नसल्यामुळे तो सुनयनाच्या ताब्यात.

"सोमवारी अकराला हजर करायचा," गेडाम म्हणाल्या. "जिवंत. तो नसला, तर बाई, आज इथे काही घडलं नाही असंच मला धरावं लागेल. मग तुमची मूळ केस उभी राहील, गुंगीच्या औषधासकट."

"आणि माझे साप काय खाणार, मॅडम?"

गेडाम यांनी फाईल मिटली. "सोमवारपर्यंत उपाशी मरत नाहीत ना साप?"

*

एरवी साप तीन दिवसांत उपाशी मरत नाहीत. विसाव्यातल्या बाकीच्यांनी महिनाभरही काढला असता. मावशीची गोष्ट वेगळी होती.

शुक्रवारी संध्याकाळी सुनयनाने उंदराचा पिंजरा पुढच्या खोलीत, सापांपासून दूर ठेवला. शनिवारी त्याने ज्वारीचे दाणे खाल्ले. दुपारी नागपूरच्या उन्हाने पुढची खोली तव्यासारखी तापली, उंदीर आडवा पडून धापा टाकू लागला आणि तिला तो उचलून मागे आणावा लागला. घरातला एकच कूलर सापांच्या खोलीत होता. पिंजरा तिने मावशीच्या पेटीपासून जेवढा लांब ठेवता येईल तेवढा लांब ठेवला, चारी बाजूंनी ओली गोणपाटं लावली. पण अजगराला डोळ्यांची गरज नसते. त्याच्या ओठांवरच्या खळग्यांना भिंतीआडचीही ऊब कळते म्हणतात. गोणपाट म्हणजे काय.

रविवारी सकाळी मावशी आपल्या बिळातून बाहेर आली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. काचेला लागून तिने अंग गोळा केलं, मान मागे वळवून इंग्रजी एससारखी ओढून धरली आणि तोंड गोणपाटाच्या दिशेला केलं. सुनयनाने ही मान ओळखली. मावशी शिकारीला बसली होती. सबंध हिवाळा ज्यासाठी तिने वाट पाहिली, थाळ्या बदलल्या, दिवे मालवले, ते आता होत होतं, आणि द्यायला घरात उंदीर एकच होता. गल्लीतल्या दुकानातून कोंबडीचा तुकडा आणून तिने चिमट्याने धरून पाहिला. मावशीने त्याला नाक लावलं, मान आवरून घेतली आणि पुन्हा पिंजऱ्याकडे वळली.

ही भूक किती टिकेल? अजगराचं सांगता येत नाही. कधी आठवडा, कधी एक संध्याकाळ. एकदा विझली की पुन्हा पेटेपर्यंत मावशीच्या अंगात तेवढं उरलेलं नव्हतं.

चार वाजता धनराजचा फोन आला.

"कसा आहे?"

"कोण?"

"उंदीर. आणि म्हातारी कशी आहे?"

"तुला काय करायचं?"

"ताई, मी भांडायला नाही फोन केला. मी विचार केला. खोलीत शिपाई धरून सातच माणसं होती. देशकरला मी भेटलो, तो तक्रार मागे घ्यायला तयार आहे. त्याला नवीन साप पाहिजे, देतो मी. शेंड्याने सही केली नाही. उद्या उंदीर नसला तर काही दाखवलंच नाही असं होतं. माझा अर्ज वाचतो."

"तक्रार मागे गेली तरी गुंगीचा अहवाल राहतो. गेडाम बाई काय म्हणाल्या ते तू ऐकलं."

"ते मी पाहतो. वकील लावतो. वचन देतो."

"तुझं वचन."

"मग राहू दे वचन. सरळ हिशेब कर. ती उपाशी आहे. उंदीर तिथेच आहे. मी तुला वाईट काही करायला सांगून राहिलो का? सापाला जेवू घाल म्हणतो."

"जिवंत उंदीर."

"शेंडे तर म्हणते अजून जिवंत नाही."

सुनयनाने फोन ठेवला नाही. तिकडून कारखान्याचा घरघर आवाज येत होता. रविवार असूनही यंत्रं चालू होती.

"धनू," ती शेवटी म्हणाली, "तुला ती आवडायची. लहान होती तेव्हा तू गळ्यात घालून फिरायचा."

"म्हणूनच सांगून राहिलो," धनराज म्हणाला.

तिने फोन बंद केला आणि मागच्या खोलीत गेली. गोणपाटं वाळली होती. तिने ती काढून बादलीत बुडवली, पण परत लावली नाहीत. उंदीर पिंजऱ्याच्या जाळीला पुढचे पाय लावून उभा होता, नाक हलवत होता. त्याला सापाचा वास येत होता की ज्वारीचा, हे कळायला मार्ग नव्हता. पेटीच्या काचेमागे मावशीची मान तशीच ओढलेली होती.

सुनयना दोघांच्या मधोमध जमिनीवर बसली. चिमटा तिच्या हातात होता.

रविवारी संध्याकाळी साडेसहापर्यंतची स्थिती अशी: उंदीर जिवंत आहे. मावशीने अजून काही खाल्लेलं नाही, आणि तिची मान अजून आवरलेली नाही. पिंजऱ्याचं दार बंद आहे. सुनावणी उद्या अकराला आहे.